गावचं जुनं घर दुरुस्त करायचंय, पाडायचं नाही. काय ठेवावं, काय बदलावं?

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. पणजोबांनी बांधलेलं, शंभरीच्या आसपासचं. जोतं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), भिंती कमरेपर्यंत चिऱ्याच्या आणि वर मातीच्या, छप्पर मंगळुरी कौलांचं. पुढे खळं (अंगण), मग पडवी, ओटी, माजघर, दोन्ही अंगांना खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी. न्हाणी त्या पडवीच्या टोकाला, संडास परसात. माजघरावरचा माळा फणसाच्या फळ्यांचा, अजून दणकट आहे.

तीन हिस्से आहेत. बाबांचा, थोरल्या काकांचा (ते आता नाहीत) आणि पुण्याच्या धाकट्या काकांचा. बाराही महिने तिथे राहतात त्या फक्त थोरल्या काकू, वय ७२. आम्ही बाकीचे गणपती, शिमगा आणि मे महिना.

दुखणी अशी: १९९०च्या दशकात पुढच्या भिंतींना सिमेंटचं प्लॅस्टर केलं होतं, ते आता फुगलंय. मुठीने ठोकलं की पोकळ वाजतं आणि एका जागी टोपलीभर खपली एकदम खाली आली. मागच्या बाजूचा एक वासा भिंतीत जिथे टेकतो तिथे काळा पडलाय. स्क्रूड्रायव्हर टोचला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. देवघराच्या चौकटीला वाळवी आहे. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो.

भावंडांत दोन तट पडलेत. एक म्हणतो पाडा आणि स्लॅब टाका. दुसऱ्याला होमस्टे करायचाय, कंदील टांगून आणि बैलगाडीचं चाक भिंतीला टेकवून. मला दोन्ही नको. अनुभवी लोकांनी सुरुवात कुठून करायची ते सांगा.

सुपारीची_बाग

वाचनखूण साठवली. फोटो टाका ना, विशेषतः माळ्याचे.

निवृत्त_ओव्हरसियर

अबोलीताई, सुरुवात पाण्यापासून करा. रंग, फरशी, खिडक्या हे सगळं नंतर. जुनं घर म्हातारं होऊन पडत नाही, ते पाण्याने पडतं. वरून कौलातून, बाजूने झडीतून (वाऱ्याने तिरक्या येणाऱ्या पावसातून) आणि खालून जमिनीतून, पाणी या तीन वाटांनी येतं. तिन्ही बंद झाल्याशिवाय आत एक रुपया घालू नका.

प्लॅस्टरचं सांगतो. चिरा आणि माती दोन्ही ओल पितात आणि ऊन पडलं की सोडतात. पूर्वी वरून चुना असायचा, तो ओल बाहेर जाऊ द्यायचा. सिमेंटचा थर कडक आणि कोंदट. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत शिरतं, पण परत निघायला वाट नाही. मग आतली माती मऊ होते, क्षार फुलतात आणि थर भिंतीपासून सुटतो. वरून पुन्हा सिमेंट थापलं तर दोन पावसाळ्यांत तेच.

त्यामुळे सिमेंट काढा, पण हातोडी-छिन्नीने हळू. ब्रेकर मशीन मातीच्या भिंतीला लावू देऊ नका, कंत्राटदार कितीही घाई करो. काढल्यावर भिंत किमान एक उन्हाळा उघडी ठेवून वाळू द्या. मग चुन्याचं प्लॅस्टर. कळीचा चुना आणून टाकीत भिजवायचा. विझताना तो उकळतो, लहान मुलांना आणि उघड्या डोळ्यांना लांब ठेवा. तो पाण्याखाली मुरू द्या, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. साधारण एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. थर पातळ, एकावर एक, आणि मधे गोणपाट ओलं ठेवून. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पक्का होतो, त्याला वेळ लागतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालणारे गवंडी अजून आहेत. मिळाला तर त्याला सोडू नका.

खळ्याला काँक्रीट केलंय का, ते सांगितलं नाहीत.

चिकूचं_झाड

मी विरोधी पक्षात. आमचं घर राजापूरकडे, असंच होतं. दर मे महिन्यात कौलं परतायची, फुटलेली बदलायची, पडवीला झापांच्या झडी (विणलेल्या माडाच्या पानांचे आडोसे) बांधायच्या. आता वर चढणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर तो सांगेल ती मजुरी. आणि वानरं! आंब्याच्या दिवसांत टोळी छपरावरून गेली की सकाळी परसात कौलांचा सडा. तुम्ही ठाण्यात, काकू ७२च्या. पाऊस आत आला की बादल्या कोण लावणार? पाडा आणि दोन खोल्यांचा स्लॅब टाका, म्हातारीला सुखाने राहू द्या. वारसा-बिरसा तिथे न राहणाऱ्यांना सुचतो.

केळीच्या_बनात

चिकू, वानरांचं शंभर टक्के खरं. पण स्लॅबखाली मे महिन्यात झोपून बघा. आणि कोकणातला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, सपाट स्लॅबवर पडला की तोही गळतोच. निम्म्या गावाने स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड घातली आहे. म्हणजे छप्पर दोनदा विकत घेतलं.

आमच्या मंडणगड-दापोली भागात ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात छपरंच्या छपरं गेली. त्यानंतर घाईत सगळ्यांनी पत्रे घातले, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आम्ही नंतर लाकडी सांगाड्यावर आधी पत्रा आणि त्याच्यावर रीप (लाकडी पट्ट्या) मारून जुनी कौलं बसवली. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, पावसाचा आवाज कमी आणि बाहेरून घर होतं तसंच दिसतं. खर्च जास्त आहे. वजनही वाढतं, म्हणून वासे आधी तपासा.

आणि एक. कौलं विकत घेताना जुन्या कौलाचा नमुना सोबत न्या. प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी, एकाचं कौल दुसऱ्यात नीट बसत नाही. चौरस मीटरला साधारण पंधरा-सोळा लागतात, फुटीची वेगळी धरा. जुनी उतरवताना पाठीवरचे छाप बघा. मंगळूरला बासेल मिशन या मिशनरी संस्थेने १८६०च्या दशकात पहिला कारखाना काढला, त्यांची कौलं किनाऱ्याने गलबतांतून इकडे यायची. तशी सापडली तर ओटीवरच्या पाखाला (छपराच्या उतरत्या बाजूला) वापरा, संडासावर नको :)

कुडाळचो_बाबलो

ताईनू, पयल्यांदा एक करा. पावसात जावन चार दिस त्या घरात रवा. उन्हाळ्यात सगळीच घरां बरी दिसतत. खयसून गळता, झड खयच्या भिंतीर मारता, परसातला पाणी खयसून फिरान येता, ह्या तेव्हाच कळता. आणि गवंड्याकय पावसातच घर दाखवा. मगे तो सांगतलो तो अंदाज खरो.

अबोली_ठाणे

सर्वांचे आभार. ओव्हरसियर काका, खळ्याला आणि घराच्या तिन्ही बाजूंना काँक्रीट आहे. पूर्वी सुपारी वाळवायला केलं होतं.

बाबल्यांचा सल्ला लगेच मानला, जुलैत जाऊन राहिले. काकूंनी सगळं घर फिरवून दाखवलं. त्यांना प्रत्येक गळती तोंडपाठ आहे. "हे आग्नेय वारा असला तरच गळतं," अशी. तेव्हाच मी विचारलं की तुम्हाला काय हवं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. त्यांची यादी: रात्री छत्री घेऊन परसात जावं लागू नये. स्वयंपाकघरात उजेड. ओट्यापाशी उभं राहून काम करता यावं. आणि शेणाची जमीन नको.

शेवटच्यावर आमचा होमस्टेवाला भाऊ हळहळला. त्यावर काकू म्हणाल्या, "चार दिवस येता नि सारवलेल्या जमिनीचे फोटो काढता. सारवायला कोण? मी. आणि शेण आणू कुठून? गोठा कधीचा रिकामा आहे."

मातीत_पाय

तरी मी म्हणेन की निदान माजघरात सारवलेली जमीन ठेवा. उन्हाळ्यात तिच्यासारखा गारवा कशालाच नाही, पायाला मऊ. घराचा वास त्या जमिनीत असतो.

हळदीकुंकू

मातीत_पाय, घराचा वास ठेवायला दर आठवड्याला कुणीतरी गुडघ्यांवर बसलेलं असतं. माझी आजी सारवायची, नंतर आई, आणि गारवा अनुभवायला सगळे. ज्याला जमीन ठेवायची त्याने सारवण्याचं वेळापत्रक इथेच टाकावं, नावासकट.

मातीत_पाय

मान्य. गप्प बसतो.

मृण्मयी_वास्तु

आर्किटेक्ट आहे, जुन्या घरांची कामं करते. अबोली, जुलैत जाऊन काकूंना विचारलंत तिथेच निम्मं डिझाइन झालं. बहुतेक वेळा माझ्यापर्यंत येतात ती घरं, जिथे ठरवणारे मुंबईत आणि राहणारे गावात. मग ओटीला काचेची रेलिंग येते आणि संडास तसाच परसात राहतो.

घर जे काम चोख करतंय त्याला हात लावू नका. तुमची पडवी झड अडवते, ओटी आल्यागेल्याला बसवते, माजघर दुपारी थंड राहतं. ओटी बंद करून बेडरूम करायचा मोह सगळ्यांना होतो, टाळा. त्याने पुढचा वारा अडतो आणि माजघर आणखी काळोखं होतं.

न्हाणी-संडास आत आणा, पण मूळ घराच्या पोटात नको. मागच्या पडवीलगत स्वतंत्र जोत्यावर बांधा, स्वतःच्या भिंतींनी, जुन्या मातीच्या भिंतीपासून हातभर मोकळं अंतर सोडून. वर छोटं छप्पर, त्यातूनच दाराची वाट. ओली भिंत मातीच्या भिंतीला टेकली की संपलं. शोषखड्डा विहिरीपासून किमान ६० फूट, उताराच्या खालच्या अंगाला. दरवाजा रुंद, उंबरा जमिनीला सपाट, कमोडजवळ भिंतीत पक्की मूठ. काकू आज नको म्हणतील तरी आत्ताच बसवा.

वायरिंगसाठी मातीच्या भिंती कोरू देऊ नका. वरूनच पाइप न्या, तुळईच्या कडेने, सरळ रेषेत, दिसला तर दिसू दे. नीट केलेलं काम लपवायची गरज नसते. अर्थिंग नवीन आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. कोकणात विजेचा कडकडाट आणि ओल दोन्ही आहेत.

उजेडासाठी खिडकी फोडण्याआधी काचेची कौलं लावून बघा. स्वयंपाकघरावर उत्तरेच्या पाखात तीन-चार पुरतील. दक्षिणेला लावलीत तर मार्चमध्येच डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होईल. उभ्याने करायचा ओटा काकूंच्या कोपरापासून मोजून घ्या, कंत्राटदाराच्या ठरलेल्या मापाने नको. बुटक्या बाईला उंच ओटा म्हणजे रोजची खांदेदुखी.

जमीन: व्हिट्रिफाइड फरशी नको. जून-जुलैत तिला घाम सुटतो आणि माणूस घसरतो. माझी पसंती लाल ऑक्साइडच्या कोब्याला (घोटून गुळगुळीत केलेल्या सिमेंटच्या जमिनीला), किंवा जुन्या पद्धतीच्या सिमेंटच्या नक्षीदार टाइल्सना. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज १९२२पासून त्या बनवते आहे, अजून हातानेच. महाग पडतात. फक्त ओटीपुरत्या घ्या, बाकी कोबा. शहाबादीही चालेल, पण तासलेली, नाहीतर काकूंच्या वहाणा अडकतील.

निवृत्त_ओव्हरसियर

मृण्मयीताईंच्या मुद्द्यांना अनुमोदन, एक भर. कोबा भिंतीपर्यंत नेऊन चिकटवू नका. कडेने वीतभर पट्टा चुना-वाळूचा ठेवा, म्हणजे जमिनीतली ओल तिथून निघेल, भिंतीत चढणार नाही.

त्याच कारणाने बाहेरचं काँक्रीट भिंतीलगत हात-दीड हात फोडून काढा. तिथे दगडगोट्यांचा चर आणि उतार. पागोळीचं पाणी त्या चरात पडून परसातून बाहेर गेलं पाहिजे. सुपारी वाळवायला मधलं खळं राहू द्या. तुमच्या भिंतींच्या खालच्या फुटा-दोन फुटांतली ओल निम्मी तरी या काँक्रीटने आली असणार.

रंधा_पटाशी

सुताराकडून थोडं. काळा पडलेला वासा म्हणून अख्खा वासा बदलू नका. कुजलेलं टोक चांगल्या लाकडापर्यंत कापायचं, तिरका लांब जोड द्यायचा, आरपार बोल्ट. जोडाला त्याच जातीचं जुनं लाकूड मिळालं तर उत्तम. पाडलेल्या घरांचे वासे गावात कुणाच्या तरी गोठ्यात पडलेले असतातच. भिंतीत टेकताना टोकाभोवती बोटभर हवा राहू द्या. लाकूड कुजतं ते हवा न लागता ओल राहिल्याने.

एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. पूर्वी चुलीचा धूर वर कौलांतून जायचा. वासे काजळायचे, कोरडे राहायचे, किडा फिरकायचा नाही. घरात गॅस आला आणि माळ्यावर भुंगा लागला, असं घरोघरी झालं. आता धूर परत आणता येणार नाही, म्हणून आतल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी दोन हात. पावसात भिजणाऱ्या लाकडावर ते टिकत नाही, धुऊन जातं. तिथे काजूच्या टरफलाचं तेल. हातमोजे घालूनच लावा, कातडी सोलवटते.

वाळवीसाठी जोत्याला भोकं पाडून औषध टोचणारे येतील. विहीर किती लांब आहे ते आधी त्यांना दाखवा.

आणि जुने दरवाजे बघायला टेम्पोवाले आले तर दार लावून घ्या. कोरीव गणेशपट्टी, कड्या, खांब कवडीमोलाने उचलतात आणि शहरात हॉटेलांच्या भिंतींना विकतात.

लीड्सकर

मजा वाटली वाचताना. इथे माझं विटांचं व्हिक्टोरियन घर आहे, दोन्हीकडून शेजाऱ्यांना चिकटलेलं, आणि दुखणं तेच. आधीच्या मालकाने चुन्याच्या दर्जा (विटांमधले सांधे) खरवडून सिमेंट भरलेलं, आता विटांचे पापुद्रे निघताहेत. इथेही म्हातारे गवंडी एकच सांगतात, चुना लावा. इंग्लंडात जुन्या इमारती खरवडून नव्यासारख्या करण्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि मंडळींनी १८७७ साली संस्था काढली होती. तिचा आग्रह साधा: डागडुजी वेळच्या वेळी करा, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळ येत नाही. आपल्याकडे कौलं परतणाऱ्या माणसाचं तेच म्हणणं.

आठ_अ_उतारा

मधे येतो, रुक्ष मुद्दा आहे. घर सामाईक आहे ना? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला कुणाकुणाची नावं आहेत ते आधी बघा. थोरल्या काकांच्या जागी काकूंचं आणि त्यांच्या मुलांचं नाव लागलंय का? बांधकामाला हात लावण्याआधी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती. कुणी किती घातले आणि ते हिश्शात धरायचे की नाही, हेही कागदावर. भावकीत छप्पर गळण्यावरून कुणी कोर्टात जात नाही, छप्पर चांगलं झाल्यावर जातात.

चिकूचं_झाड

=)) =)) हे मात्र सोळा आणे.

अबोली_ठाणे

धागा वर काढते, बरेच जण व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारत होते.

संमती झाली. धाकट्या काकांनी तीन महिने लावले, पण सही केली. पहिल्या हंगामात फक्त छप्पर आणि पाणी. मागचं पाख पूर्ण उतरवलं, दोन वाशांना जोड दिले, बाकी खणखणीत निघाले. पत्रा आणि वर कौल फक्त स्वयंपाकघर-माजघरावर केलं. पुढच्या पाखाला पैसे पुरले नाहीत, तिथे नुसती कौलं परतली आहेत. भिंतीलगतचं काँक्रीट फोडून चर केला. त्या पावसाळ्यात आतल्या भिंतींची ओल दिसण्याइतकी उतरली.

दुसऱ्या हंगामात सिमेंट उतरवून चुना. गवंडी मिळाला तो साठीपुढचा. त्याचा मुलगा सोबत यायचा पण टाइल्सचं काम करतो, चुन्यात त्याला रस नाही. पश्चिमेची भिंत अजून उघडी आहे, चिरा दिसतो. सगळे म्हणतात असाच ठेवा, वार्निश मारा, हल्ली तशीच फॅशन आहे. पण झड तिथेच मारते आणि चिऱ्याची भुकटी पडते, त्यामुळे तिलाही चुनाच लागणार.

न्हाणीघर मृण्मयीने सांगितलं तसं वेगळ्या जोत्यावर. मूठ काकूंनी नको म्हटलं, तरी बसवली. आता तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

काचेची चार कौलं लावली. काकूंनी दुसऱ्याच आठवड्यात एक काढून घ्यायला लावलं, निवडताना डोळ्यावर येतं म्हणून. लाल कोबा माजघरात आणि स्वयंपाकघरात. ओटीला नक्षीच्या टाइल्स नाही जमल्या, बजेट. तिथे जुनी शहाबादीच घासून घेतली.

होमस्टे नाही. भावाचं बैलगाडीचं चाक गोठ्यात आहे.

मृण्मयी_वास्तु

काढलेलं कौल जपून ठेवा, एक तरी फुटेलच. पश्चिमेच्या भिंतीला चुना लावेपर्यंत झापाची झड बांधा, या पावसातही उघडी ठेवू नका.

सुपारीची_बाग

माळ्याचे फोटो राहिलेच! आणि गवंड्याचा नंबर व्यनि कराल का? आमच्या शृंगारतळीच्या घराला हवाय.

अबोली_ठाणे

व्यनि केलाय. पण दिवाळीच्या आधी फोन करू नका. गणपतीपर्यंत तो हातातली घरं उरकतो आणि नंतर भातकापणी. नवीन काम तुळशीच्या लग्नानंतरच बोलतो. माळ्याचे फोटो गावी गेल्यावर टाकते, सध्या तिथे काकूंनी कोकमं वाळत घातली आहेत.